जज्जसाहेबांचा कौल

खोलीत एक पलंग होता. त्याला चार चाकं, त्यांतलं एक अडकलेलं. खुर्च्या तीन: दोन प्लास्टिकच्या, एक लोखंडी. पलंगावर आडवा सरकणारा एक ट्रे. ट्रेवर पाण्याचा पेला, नळी, रुमाल, एक लॅपटॉप आणि बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली दोन कार्डं. एकावर 'हो', दुसऱ्यावर 'नाही'. माणसं पाच. त्यांतल्या चौघांना बोलता येत होतं.

पाचवा माझा दादा. लिफ्ट दुरुस्त करणारा. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. घशातून 'अं' एवढाच आवाज निघायचा. डावा हात शाबूत होता. माणसं बोलतात ते त्याला किती कळतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, गुरुवारी तपासणी. 'हो' आणि 'नाही' भरवशाचं निघालं, तर या हॉस्पिटलातले उपचार पुढे चालू. नाही निघालं, तर घरी न्यायचं. जागा कमी आणि रांग मोठी.

कार्डं वहिनीने केली होती. मॅडमना न विचारता. "त्या आठवड्यातून दोनदा येतात, मी दिवसभर असते," असं तिचं म्हणणं. दादाच्या डाव्या बाजूला 'हो', उजव्या बाजूला 'नाही' ठेवायची आणि विचारायची, "अहो, बरं वाटतंय ना?" दादा डावा हात उचलून 'हो'वर टेकवायचा. "खांदा दुखत नाही ना?" 'हो'. "मला ओळखलंत ना?" 'हो'. त्या आठवड्यात वहिनी पहिल्यांदा नीट जेवली.

त्या रविवारी दादाचे दोन मित्र आले होते. त्यांचा तिघांचा जुना गट, आणि गट कशासाठी, तर 'परतीचं यान' ही अंतराळातली मालिका बघायची आणि भांडायचं. एक औषधांच्या दुकानात असतो, पण वाद घालायची खोड अशी की नाव पडलं वकील. दुसरी शाळेत गणित शिकवते, तिला हे मास्तरीण म्हणायचे. या दोघांचं कधीच पटत नाही. म्हणून तिसऱ्याचं मत म्हणजे निकाल, आणि म्हणून दादा जज्जसाहेब. जज्जसाहेबांनी कौल दिल्याशिवाय एकही भाग मिटलेला नव्हता.

शेवटचा भाग आला तेव्हा दादा अतिदक्षता विभागात होता. तो शुद्धीवर येईपर्यंत दोघांनीही तो बघितला नाही. मास्तरणीने शाळेत मुलं त्यावर बोलायला लागली की कानांवर हात ठेवले. वकिलाने फोनवरचे सगळे ग्रुप बंद केले. आता दोघं लॅपटॉप घेऊन आले आणि पाचव्या सीझनचा शेवट पलंगाजवळ बसून बघितला. मी दादाकडे बघत होते. तो पडद्याकडे बघत होता, हे खरं. एकदा हसलाही. तेव्हा पडद्यावर फक्त तारे होते.

मालिकेतल्या यानावर एक इंजिनिअर बाई आहे. हे तिघं तिला मिस्त्रीण म्हणतात. दादाचं सगळ्यांत लाडकं पात्र. शेवटच्या भागात यानाला भोक पडतं, हवा संपत येते आणि मिस्त्रीण मधलं दार बंद करते. कॅप्टन दाराच्या पलीकडे राहतो. यान घरी पोचतं. संपलं.

"झालं?" वकील म्हणाला. "एवढी वर्षं वाट बघायला लावली आणि शेवटी सगळं मुसळ केरात!"

"तुझं मुसळ कायम केरातच असतं," मास्तरीण म्हणाली. "अरे, इतका चोख शेवट मी कधी बघितला नव्हता."

"चोख? पहिल्या सीझनमध्ये ही बाई एका मेलेल्या माणसाला आणायला अख्खं यान मागे वळवते. मेलेल्या! आणि इथे धडधाकट माणसाच्या तोंडावर दार आपटते?"

"मेलेल्या माणसाला हवा लागत नाही."

"विनोद करू नकोस. माणूस असा एका भागात बदलत नाही."

"बदलली कुठे ती? तिसऱ्या सीझनपासून बघ. सगळे गप्पा मारत असतात आणि ती कोपऱ्यात टाक्या मोजत असते. तेव्हा तूच बोंबलत होतास, किती रटाळ, किती रटाळ. ते रटाळ म्हणजेच तयारी होती, वकिला."

"तयारी होती, तर तिच्या तोंडी एक वाक्य का नाही? एक! दार लावते आणि पाठ फिरवते. लेखकांना घरी जायची घाई झाली होती, दुसरं काही नाही."

"काय म्हणायला हवं होतं तिने? 'माफ करा साहेब, आज दुकान बंद'?"

"कॅप्टन म्हणजे तो दाढीवाला ना?" वहिनीने विचारलं. "मेला का तो?"

"तेच तर दाखवलं नाही, वहिनी!" दोघं एकदम म्हणाले. वहिनीने शेजारच्या खोलीकडे बोट दाखवून त्यांना हळू बोलायला सांगितलं.

मग नेहमीप्रमाणे कौल. वकील पलंगावर दादाला खेटून बसला. पूर्वी सोफ्यावर ते दोघं तसेच बसायचे. त्याने वहिनीची कार्डं समोर मांडली. "सांगा, जज्जसाहेब. मिस्त्रीण चुकली ना?"

दादाचा डावा हात उचलला गेला आणि 'हो'वर टेकला.

"बघ! अरे, माझा जज्ज आहे तो!" वकिलाने दादाच्या डोक्याचा मुका घेतला. मास्तरणीलाही हरल्याचं दुःख नव्हतं, ती नाक पुसत होती. वहिनी माझा दंड धरून म्हणाली, "ऐकलंस? एवढी मोठी गोष्ट कळली त्यांना. आता गुरुवारचं काय घेऊन बसलात?" त्या दुपारी मलाही तसंच वाटलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मास्तरीण एकटी आली. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती, मी खिडकीपाशी होते.

"काल तू त्याच्या भिडेखातर बोललास," ती दादाला म्हणाली. "आता नीट विचार करून सांग. हवा सहा जणांपुरती, माणसं सात. मिस्त्रीण चुकली का?"

ती वर्गात उभी राहते तशी पलंगाच्या पायथ्याशी, दादाच्या समोर उभी होती. कार्डांवरची अक्षरं तिने दादाकडे वळवली, पण 'हो' ठेवलं ते स्वतःच्या डाव्या हाताला. दादाचा हात उचलला गेला आणि टेकला. 'नाही'वर.

"हेच!" मास्तरीण म्हणाली. "मला माहीत होतं. तो वकील मांडीला मांडी लावून बसला की तुझं काही चालत नाही."

मंगळवारी पाण्याच्या मशीनपाशी दोघांची गाठ पडली आणि मग काय विचारता.

"तू त्याला शिकवलंस! पाढे घोकून घेतेस तसं घोकून घेतलंस."

"मी एकदाच विचारलं. विचार हवं तर त्याच्या बहिणीला."

"एक माणूस रविवारी हो म्हणतो, सोमवारी नाही. हे असलं पात्र तू मालिकेत खपवून घेतलं असतंस?"

"विचार बदलला त्याने. तुझा कधी बदलत नाही म्हणून इतरांचाही बदलू नये का?"

"आपला जज्ज! मत फिरवणारा! आजवर कधी फिरवलं होतं?"

दोघंही माझ्याकडे वळले. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. एकाच नमुन्याचे दोन वेगळे आकडे आले, तर नमुना बदलला असं आम्ही आधी म्हणत नाही. नमुना कुणी, कुठून, कसा घेतला, ते बघतो. मी म्हटलं, "तुम्ही कुठे बसला होतात?"

"म्हणजे?" वकील म्हणाला.

"तुम्ही दादाच्या शेजारी, म्हणून तुमची डावी ती त्याचीही डावी. आणि ताई, तुम्ही समोर. 'हो' तुमच्या डावीकडे, म्हणजे दादाच्या उजवीकडे. दोन्ही वेळेला त्याचा हात एकाच जागी गेला."

मशीनमधून बुडबुडा वर आला. मास्तरणीने हवेतच दोन्ही हात आडवे धरले, मग उलटसुलट केले. ती गणिताची बाई, तिला वेळ लागला नाही. "नाही गं," ती म्हणाली. "तसं नसेल."

"नसेलही."

"मग हे वहिनीला सांगणार आहेस?" वकिलाने विचारलं. मी माझी बाटली मशीनखाली धरली. त्यानंतर ती दोघं मिस्त्रिणीविषयी पुन्हा बोलायला लागली, पण पूर्वीसारखं नाही. जरा जास्तच जोरात.

वहिनीला मी बुधवारी दुपारी सांगितलं. दादाला आंघोळीनंतर नुकतं निजवलं होतं, ती त्याची नखं कापत होती. मी बोलत होते तोवर तिने एक हात पुरा केला.

"तुला सगळीकडे प्रयोगच दिसतो," ती म्हणाली.

"वहिनी, एकदा कार्डं उलटी ठेवून बघ, एवढंच म्हणतेय."

"मी रोज विचारते. रोज बरोबर सांगतात."

"तू विचारतेस त्या सगळ्यांचं उत्तर 'हो'च असतं. बरं वाटतंय ना, ओळखलंत ना. आणि 'हो' कायम डावीकडे."

"मग मी काय विचारायचं? बरं वाटत नाहीये ना, असं?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. दादा आमच्याकडे बघत होता. म्हणजे आमच्या दिशेला.

"त्याची उजवी बाजू नुसती लुळी नाही," मी म्हटलं. "उजवीकडचं त्याच्या लक्षातच येत नसेल. ताटातही उजवीकडचं अन्न तसंच राहतं, तूच म्हणालीस. मग हात डावीकडेच जाणार."

"म्हणजे कळत नाही, असं?"

"तसं नाही म्हणता येत. कळत असेलही. फक्त या कार्डांवरून समजणार नाही."

"मग उद्या मॅडमना सांगू या ना, बरोबर उत्तराचं कार्ड डावीकडे ठेवा म्हणून." ती हे गंभीरपणे म्हणाली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि ती हसली. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं.

"मॅडम कार्डं वर-खाली ठेवतात," मी म्हटलं. "त्या ओळखतील."

वहिनीने नेलकटर मिटून ठेवलं, नखं कागदात गुंडाळली, कागद टोपलीत टाकला. लोखंडी खुर्ची पलंगापासून लांब, भिंतीशी नेली आणि तिथे बसली.

"कर," ती म्हणाली. "मी इथे आहे. मध्ये बोलणार नाही."

"नको असेल तर राहू दे. उद्या मॅडम करतीलच."

"परक्या माणसाने सांगण्यापेक्षा तू सांग."

दाराच्या काचेतून वकील आणि मास्तरीण दिसत होते. भेटीची वेळ सुरू झाली होती. वकिलाच्या हातात लॅपटॉप होता, पहिला सीझन पुन्हा दाखवायचा त्याचा बेत होता, म्हणजे मिस्त्रीण आधी कशी होती ते जज्जसाहेबांना आठवेल. मी हाताने त्यांना थांबायला सांगितलं. वहिनीकडे बघून ती दोघं आत आली नाहीत. बाकावर बसली. थोड्या वेळाने काचेतून त्यांचे हात हलताना दिसू लागले. आवाज येत नव्हता.

मी ट्रे पुसला. दादाची उशी सरळ केली, मान मधोमध आणली. प्रश्न मी प्रयोगशाळेत असतानाच ठरवले होते. काही घरचे, काही कामाचे, काही मालिकेतले. वकील आणि मास्तरीण ज्यावर भांडत होते तो प्रश्न मी घेतला नाही, कारण त्याचं बरोबर उत्तर कुणाकडेच नव्हतं. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा 'हो' डावीकडे ठेवून, एकदा उजवीकडे, आणि क्रम कुठलाही.

"दादा, तू लिफ्ट दुरुस्त करतोस का?"

हात उचलला गेला.

"आपण आत्ता पाण्याखाली आहोत का?"

"मिस्त्रीण कॅप्टनची बहीण आहे का?"

"मी तुझी बहीण आहे का?"

प्रत्येक वेळी तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. प्रश्न संपेपर्यंत बघायचा. कपाळाला आठ्या पडायच्या, पूर्वी लिफ्टचा आवाज ऐकताना पडायच्या तशाच. मग हात उचलला जायचा. तो घाई करत नव्हता. एकदा मी कार्डं बदलायला उशीर केला, तर त्याने हात हवेत धरून ठेवला आणि वाट बघितली.

"ही खुर्चीत बसलीय ती तुझी बायको आहे का?"

वहिनी उठून उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला होता आणि ती ट्रेकडे बघत होती. तो प्रश्न मी दोनदा विचारला, ठरल्याप्रमाणे.

शेवटचा प्रश्न होता, "खांदा दुखतो का?" तोही दोनदा विचारला.

प्रश्न बारा, प्रत्येकी दोनदा, एकूण चोवीस उत्तरं. डावीकडचं कार्ड: चोवीस वेळा. उजवीकडचं: शून्य.