का ते विचारायचं नाही

पहिली फेरी

फोन आला तेव्हा कॅप्टन एका गोल चौकात फिरत होती, आणि चौकातून बाहेर पडायचं काही लक्षण दिसत नव्हतं. स्टिअरिंगवर शिंपीणकाकू होत्या. काकूंनी उभा जन्म दुसऱ्यांचे कपडे बेतण्यात घालवला आणि नवऱ्यामागे त्याची गाडी विकायची नाही, चालवायची, असं ठरवलं. मुलांनी वेड्यात काढलं. काकूंनी मुलांची मापं काढली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

"आता निघू का डावीकडे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तो टेम्पो मला गिळेल."

"मग नका निघू. अजून एक फेरी घ्या."

"मागचे शिव्या देतायत."

"देऊ द्या. तोंड त्यांचं आहे."

शिकवणारीच्या पायाशी जादा ब्रेक असतो. कॅप्टननं त्याला पाय लावला नाही. का निघाला नाहीत, असंही विचारलं नाही. ही तिची विमानातली खोड.

विमान उतरत असताना आतल्या दोघांपैकी कुणालाही, मग तो कॅप्टन असो की कालचं पोर, काही खटकलं तर त्यानं एकच शब्द म्हणायचा: गो-अराउंड. दुसऱ्यानं उत्तरादाखल तोच शब्द म्हणायचा आणि विमान पुन्हा वर न्यायचं. चाकं टेकायला आली असली तरी न्यायचं. का, ते जमिनीवर आल्यावर बोलू. हवेत विचारायचं नाही. थोरल्याला धाकट्याचं मुकाट ऐकायला लावणारा असा कायदा जगात दुसरा नसेल.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात हा शब्द तिच्या उजवीकडच्या पोरानं म्हटला होता. कुठं खुट्ट झालं की कान टवकारायचा, म्हणून सगळे त्याला ससा म्हणत. ससा म्हणाला, तिनं विमान वर नेलं. नंतर सगळी यंत्रं तपासली, काही निघालं नाही. वैमानिकांच्या मुख्य साहेबांनी बोलावून विचारलं, नक्की कुणाला खटकलं? ती म्हणाली, "आत आम्ही दोघं होतो. विमान वर गेलं. पुढे बोला."

पुढे असं झालं की विमानांचा धंदा बसला, आणि 'तूर्त बिनपगारी घरी बसा' असं ज्यांना सांगण्यात आलं त्यांत पहिलं नाव तिचं होतं. तेव्हापासून ती लोकांना गाडी शिकवत होती.

आणि आता फोनवर तेच साहेब. गाडीच्या स्पीकरवर.

"दिवस पालटले, कॅप्टन. या परत."

"डावी खुर्ची?"

डावी खुर्ची कॅप्टनची. साहेब खाकरले. "सध्या उजवी. डावीकडे तुमचा ससा असतो आता. परीक्षाही त्याच्याच बरोबर द्या, सिम्युलेटरमध्ये. आणि एक सांगू? या वेळी जरा जुळवून घ्या. ऊठसूट वर नको."

"कळवते," म्हणून तिनं फोन ठेवला.

"हा कोण गं, वर जाऊ नको म्हणणारा?" काकूंनी विचारलं, आणि त्या नादात सरळ टेम्पोपुढून चौकाबाहेर निघाल्या.

दुसरी फेरी

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं उतरण्याआधीची तपासणी केली. एकेकाचं नाव घ्यायचं, उत्तर ऐकायचं.

नवरा?

"जा. आधी आत शीर, मग बघू." त्याचं चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाईकाला 'आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं' हे विचारून विचारून त्याला सगळंच हळूहळू बरं दिसतं असं वाटायला लागलं होतं. "अडला हरी गाढवाचे पाय धरी."

नणंद?

"अजिबात जाऊ नकोस, वहिनी. गरज सरो वैद्य मरो म्हणून हाकललं ना? आता खोकला झाला तर खोका म्हणावं."

मुलगी?

"जा बाई एकदाची. घरी असलीस की दात घासायलासुद्धा तपासणी लावतेस."

सासूबाई?

उत्तर नाही. जेवायला बसताना त्या कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवायच्या. घरात शांतता राहावी यासाठी त्यांनी शोधलेला हा खात्रीचा उपाय.

"अगं, पण ससा तुझ्या हाताखालचा," नणंद म्हणाली. "त्यानं सांगायचं आणि तू चाकं खाली करायची?"

"चाकं कुणीही खाली केली तरी खालीच येतात," नवरा म्हणाला. "थोडं पडतं घेतलं तर काय बिघडतं? बाकीचे नाही घेत? म्हणजे ठरलं. आपण कळवू या, उजवी खुर्ची चालेल, मागचं सगळं विसरून ती साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे—"

"वर," कॅप्टन म्हणाली.

नवऱ्यानं भाताचं भांडं पुढे ओढलं. या घराचाही तोच कायदा होता. 'वर' म्हटलं की विषय सोडायचा, कारण विचारायचं नाही. मुलीनं तो गणिताच्या मार्कांसाठी वापरला होता आणि तेव्हाही पाळला गेला होता.

भांडी घासताना सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. यंत्र कानात होतं.

"तुला उडायचंय का?"

"हो, आई." तिनं कढई विसळली. "गाडीत बसले तरी माझा हात थ्रॉटलचा दांडा शोधतो. पण तोंड शिवून उडायचं नाही."

"तोंड शिवलेलं तुझं मी लग्नातसुद्धा पाहिलं नाही. सुंभ जळला, पीळ काही जळला नाही." सासूबाईंनी तिच्या हातातून कढई घेतली. "मग जा की पिळासकट. पीळ बाहेर ठेवून या, अशी पाटी लावलीय का त्यांच्या दारावर?"

तिसरी फेरी

सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली एक खोली. बाहेरून पाण्याची टाकी वाटावी, आत शिरलं की विमान. उजवी खुर्ची तिच्या कमरेला अनोळखी होती. उजव्या हाताची सगळी कामं आता डाव्यानं करायची.

ससा भारदस्त झाला होता. कानांवरचे केस वाढवले होते.

"मॅडम, तुम्ही इथे आणि मी... कसंतरीच वाटतंय."

"मलाही. पट्टा बांध."

मागे परीक्षक बसले होते. तिचा उडण्याचा परवाना त्यांच्या शेऱ्यावर लटकलेला. समोरच्या पडद्यावर धुकं, त्यात धावपट्टीचे दिवे, आणि आडवा वारा.

"वेग जास्त," ती म्हणाली.

"दुरुस्त करतोय," ससा म्हणाला.

दिवे एका बाजूला सरकले.

"अजून जास्त. रेषा सुटली."

"करतोय."

"गो-अराउंड."

सशाचा हात इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या थ्रॉटलवर होता. पुढे गेला नाही. धावपट्टी वर आली, चाकं टेकली, ती इतकी अलगद, की मांडीवर चहाचा कप असता तरी थेंब सांडला नसता.

"वा," परीक्षक म्हणाले. "आणि कॅप्टन, तुम्ही उगाच घाबरलात. उतरलं की नाही छान? साहेब फोनवर बोलले होते ना तुमच्याशी?"

ती सशाकडे वळली. "मी काय म्हटलं ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"जमेल असं वाटलं, मॅडम." तो पडद्याकडे बघत होता. "मागच्या महिन्यात मी एकदा वर नेलं. चार दिवस खुलासे देत बसलो. घरी नुकतंच बाळ..."

"तू म्हणालास तेव्हा मी तुला विचारलं होतं का, का म्हणून?"

सशाचे कान लाल झाले, केसांतूनही दिसले.

"पुन्हा लावा," ती परीक्षकांना म्हणाली. "तोच वारा, तोच वेग."

"वेळ संपलाय. उतरवणारे ते होते, तुमचं काम तसं ठीक झालंय. मी पास लिहून टाकतो. कशाला वाढवताय?"

"मी वर म्हणाले आणि विमान खाली गेलं, त्याला तुम्ही पास म्हणणार?" तिनं पट्टा सोडला नाही. "पुन्हा लावायचं नसेल तर नापास लिहा. कारणही लिहा: सांगूनही गप्प बसत नाही. उद्या बसवलंत तरी मी इथेच, असंच, वर म्हणणार आहे. तुमच्या साहेबांना चालत नसेल तर मला चौकात पुष्कळ काम आहे."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं आणि एक बटण दाबलं. विमान पुन्हा धुक्यात.

"वेग जास्त."

"दुरुस्त करतोय."

"रेषा सुटली. गो-अराउंड."

इंजिनांची नकली घरघर फक्त. दिवे मोठे होत आले. ती दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सशाचा हात पुढे गेला, थ्रॉटल थेट शेवटपर्यंत.

"गो-अराउंड," तो म्हणाला. आवाज फाटला, त्या हिवाळ्यात फाटला होता तसाच.

जमीन पाठीमागे कलली. चाकं वर घ्यायला ती पुढे झुकली.

चौथी फेरी

"परीक्षकांनी शेरा लिहिलाय, 'हट्टी'," साहेब फोनवर म्हणाले. "आणि खाली 'उत्तीर्ण'. आता याचा मी काय अर्थ घ्यायचा?"

"दोन्ही बरोबर आहे."

"कॅप्टन, माझ्याकडे माणसं नाहीत. उन्हाळ्याची सगळी उड्डाणं विकून बसलोय." साहेब दमलेले वाटले. "या. पण मी बोललो होतो ते—"

"ते मी ऐकलं नाही, साहेब. तुम्हीही बोलला नाहीत. डावी खुर्ची ठेवा तुमच्याकडे, तोंड उजवीकडूनही उघडतं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "सोमवारी या."

नवऱ्याची म्हण तिला आठवली. अडलेला हरी कोण ते आता कळलं होतं. पाय धरू द्यायचे की नाहीत, हे अखेर गाढवानंच ठरवायचं असतं.

"परत घेतलं का?" काकूंनी विचारलं. त्या पुन्हा चौकात होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ.

"घेतलं. उजवीकडे."

"सशाच्या शेजारी? कमीपणा नाही वाटत?"

"वाटतो की. बसेन त्या कमीपणावरच. गादी म्हणून बरा आहे."

काकू फिस्सकन हसल्या. डावीकडचा रस्ता आला. मोकळा, स्वच्छ, टेम्पो नाही की सायकल नाही. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सरळ पुढे नेली.

कॅप्टननं तोंड उघडलं. मग मिटलं.

मागून एक हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. तिनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि वाजवणाऱ्याला तळवा दाखवला. चौकाची पुढची फेरी पुरी होईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.