समईतलं तेल

या, असे पुढे सरकून बसा. राहात्याच्या अवधूतकाकांची आणि त्यांच्या लेकीच्या सायकलीची गोष्ट सांगतो. गोष्ट आवाजाची आहे, तेव्हा कान तेवढे इकडे ठेवा.

काका कीर्तनात टाळ धरणारे. बुवांचा स्वर कणभर ढळला तरी आधी त्यांची मान हलायची. त्यांची निवेदिता सायकल शर्यतीतली. त्या दिवशी जिल्ह्याची निवड चाचणी होती. पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जाणार, आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. आदल्या संध्याकाळी तिनं चेन रॉकेलनं धुतली, कोरडी केली, कडीकडीत तेलाचा एकेक थेंब सोडला आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून टाकलं. ते पुसणं काकांच्या जिवाला लागलं. तेलात कसली काटकसर? सकाळी ती अंघोळीला गेली तशी त्यांनी समईतलं तेल पळीनं चेनवर सोडलं, हात जोडले आणि कुणाला बोलले नाहीत. सायकल टेम्पोत चढवलीही त्यांनीच. निवेदिता घाईघाईत, चेनकडे न बघताच, थेट रांगेत उभी राहिली.

शर्यत कालव्याकाठच्या रस्त्यावर, फेऱ्याफेऱ्यांची. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर पिठासारखी धूळ करून ठेवलेली. शर्यत संपायची त्याच वळणावर काका आणि त्यांचा मृदंगवाला दोस्त सहादेव उभे होते. पहिल्या फेरीला निवेदिता दुसरी होती, चेन गप्प. पुढच्या फेरीला काकांच्या कानावर बारीक खर्र आली. त्यापुढच्या फेरीला ती चौथी, आणि खरखर रस्त्यापलीकडून ऐकू यावी अशी.

"पोरगी दमली वाटतं," सहादेव म्हणाला.

पोरगी दमली नव्हती, हे काकांना कळत होतं. तेलात कालवलेली धूळ चेन खात होती. थांबवावं तर वेळ जाणार, आणि कारणही सांगावं लागणार. ती पुन्हा आली, चेन गिअरच्या दात्यावरून कटकन घसरून परत बसल्याचं काकांनी ऐकलं, आणि तरी ते कडेलाच उभे राहिले. ती निघून गेली. पुढच्या खेपेला मात्र दोन्ही हात वर करून ते रस्त्याच्या कडेला उतरले.

"थांब. समईतलं तेल मीच ओतलंय चेनवर."

निवेदितानं पाय टेकला. बापाकडे बघितलं. दोन फेऱ्या उरल्या होत्या.

"पुसायला काय आहे, बाबा?"

काकांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं. सहादेवनं सीट धरून मागचं चाक उचललं. काकांनी उपरणं चेनभोवती आवळलं, ती पेडल उलटं फिरवत राहिली. पांढरं उपरणं बघता बघता काळंमिट्ट झालं. तेवढ्यात एक मुलगी सरकन पुढे गेली. निवेदितानं तिकडे पाहिलं नाही. खिशातली तेलाची बाटली काढून तिनं कड्यांवर थेंब सोडले.

"वरचं पुसू?" काकांनी विचारलं.

"पुसा."

शेवटच्या फेरीला काकांनी डोळे मिटले. एक चेन करकरत गेली. दुसरी गेली. मग नुसता टायरचा आवाज आला, चेनचा नाहीच. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. सहादेवनं दंड धरून गदागदा हलवलं तेव्हा कळलं, लेक तिसरी आली.

संध्याकाळी काका तेच उपरणं घेऊन देवळात पहिल्या ओळीत बसले. सहादेवनं मृदंगाला कणीक लावता लावता विचारलं, काका, कीर्तनाला आलात की गॅरेजला? काका हसले आणि सगळ्यांदेखत सकाळचं सांगून मोकळे झाले.

तेव्हा एवढं करा. चेनला तेल घालाल तेव्हा वरचं पुसताना आमच्या अवधूतकाकांची आठवण काढा.