आकड्याला आकडा

शनिवारी मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. आकडेबाबाने छगनभाईंच्या रक्ताचा रिपोर्ट उंच धरला. "सोळाना नऊ व्हई गया! आकडाले आकडाच मारस!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पूर्वी मटक्याचे आकडे सांगणाऱ्या या भामट्याचं दुकान एकाच शब्दावर चाललं होतं. तापीकाठच्या आम्हा गुजरांच्या बोलीत रुईलाही आकडाच म्हणतात. आमच्या गावच्या छगनभाईंच्या रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या तपासणीचा आकडा, सोळावर गेला, तोही आकडा. मग मारुतीला रुईची माळ, पोटात बाबाची पुडी, की झालं! शहाद्याच्या डॉक्टर मोहिनीबाईंनी प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासू म्हटलं होतं. छगनभाई पुढे सहा महिने तिकडे फिरकले नाहीत. आणि खरंच, लघवी मोकळी झाली, टकलावर लव आली. मी बाबाविरुद्ध तावातावाने बोलायला लागलो की लोक त्या टकलाकडे बोट दाखवायचे.

पण छगनभाईंची कंबर रात्रंदिवस ठणकत होती. त्यांच्या बायकोने, जसोदाबाईंनी, मला हाक मारली. "भाऊ, आकडा उतरना, मंग दुखनं का बरं चढी ऱ्हायनं?"

मी दोघांना मोहिनीबाईंकडे नेलं. रिपोर्ट वाचता वाचता बाईंची नजर टकलावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी पुडी मागून घेतली, तपासायला पाठवली. राखेत औषधाची गोळी कुटून घातलेली निघाली.

"या गोळीने प्रोस्टेट आकसते, केसही येतात," बाई म्हणाल्या. "आणि महिनोन्‌महिने घेतली की पीएसए जवळपास निम्मा दिसतो. अशा माणसाचा आकडा आम्ही दुप्पट करून वाचतो."

छगनभाई पुटपुटले, "नऊ दुने अठरा." मग एकदम माझ्याकडे बघितलं. "म्हंजे उतरना नही. चढना."

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या तपासण्यांत कळलं, कॅन्सर मणक्यात पोचला होता. "आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नव्हे," बाई म्हणाल्या. "साध्या सुजेनेही वाढतो. तो एवढंच सांगतो, आत बघा. आपण बघितलंच नाही."

बाबाला पोलिसांनी नेलं, तरी शनिवारी पारावर गर्दी जमलीच. छगनभाईंनी स्वतःची खाट तिथे आणवली.

"बाबानी मन्हा आकडा उतारा नही, पुडीआड दपाडा," ते म्हणाले. "तुमना दपाडू नका. कोनी उतारा म्हने, तं कसा उतारा, हाई पहिले इचारा. मी इचारं नही."

कोणी टाळी वाजवली नाही. गर्दीतला सुकलाल पुढे आला, खिशातली बाबाची पुडी खाटेवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "मोहिनीबाई सोमवारे भेटतीन का?"