गाव्राची शेवटची दवंडी

मित्रांनो, मी दवंडीचा ढोल. आता जुना झालो आहे, एका बाजूचे कातडे सैल पडले आहे, पण सांगायचे ते मी सांगणारच. डॅन्यूबकाठच्या एका सर्ब गावाने मला विकत घेतले आणि गाव्राच्या गळ्यात अडकवले. तिथे मी वीस वर्षे होतो.

गाव्रा गावचा दवंडीवाला. हरवलेली गाय, डुकरांना टोचायला येणारा डॉक्टर, नदीला चढलेले पाणी, सगळे आम्ही दोघे सहा चौकांत सांगत असू. गावकचेरीचा चिटणीस स्वेतोझार कागद लिहून देई आणि गाव्रा त्यातला एक शब्दही न बदलता वाची. आवाज तर असा, की त्याला हळू बोलताच येत नसे. त्याची बायको युल्का म्हणायची, "अहो, मी शेजारी बसलेय, नदीपलीकडे नाही." या कामापोटी त्याला सरकारी खोली मिळाली होती आणि खोलीत मातीची मोठी शेगडी होती. युल्काची छाती कमजोर होती. त्या शेगडीच्या उबेवरच तिचे हिवाळे निघत होते.

एकोणीसशे अडतीसच्या डिसेंबरात संसदेची निवडणूक आली. तुम्हाला वाटेल, चिठ्ठी पेटीत टाकायची आणि घरी यायचे. छे! आमच्याकडे प्रत्येक पुरुषाने टेबलासमोर उभे राहून तोंडाने सांगायचे, सरकारी यादी की विरोधकांची. बायकांना मतच नव्हते. ऐकणारा चिटणीस आणि लिहिणाराही चिटणीसच. गावातल्या निम्म्या लोकांची पोटे त्याच्या हातात होती. युल्काने आदल्या दिवशीच नवऱ्याला बजावले होते, सरकारी म्हणा आणि गुमान घरी या, मला हा हिवाळा इथेच काढू द्या. गाव्राने मान डोलावली होती, आणि खरे सांगतो, त्याच्या मनातही तेच होते.

सकाळभर मला बडवून त्याने लोक शाळेत गोळा केले आणि मग मला गळ्यात घेऊनच रांगेत उभा राहिला. पुढे त्याचा लंगोटीमित्र तोसा चांभार होता. टेबलाशी बसलेल्या विरोधकांच्या माणसाला ब्रँडी पाजायला बाहेर नेले होते. तोसा खाली बघत म्हणाला, विरोधकांची. चिटणिसाने मान वर न करता 'सरकारी' असे लिहिले आणि पुढच्याला बोलावले.

गाव्राला वाचता येत होते, हेच वाईट झाले. मी त्याच्या छातीवर होतो. आतली धडधड मला ऐकू येत होती.

"तोसानं विरोधकांची सांगितली," तो म्हणाला. "तुम्ही सरकारी लिहिलंत. खोडा ते."

हळू बोलायचा त्याने प्रयत्न केला असेल. पण सगळ्या अंगणाला ऐकू गेले. चिटणिसाने हसत हसत तोसाला विचारले, काय रे, तू काय सांगितलेस? तोसाचे दुकानही सरकारी जागेत होते.

"सरकारीच म्हणालो, साहेब," तोसा म्हणाला. "याचं डोकं फिरलंय."

लोक फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांतले निम्मे स्वतः मनाविरुद्ध 'सरकारी' सांगून आले होते, मेले! चिटणिसाने मग गाव्राला त्याचे मत विचारले. त्या क्षणी त्याच्यापुढे युल्काच असणार.

"विरोधकांची," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी चिटणिसाने कागद लिहून त्याच्या हातात ठेवला. ही दवंडीही तूच दे म्हणाला, तुझ्यासारखे वाचणार कोण? आणि उबदार कोट चढवून स्वतः मागून चालू लागला. पाच चौकांत गाव्राने खणखणीत वाचले, की दवंडीवाल्या गाव्राला कामावरून काढले आहे, त्याने उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी करावी. सहावा चौक त्याच्या दारासमोर होता. तिथे त्याचा आवाज पहिल्यांदाच बसला.

"ऐकू नाही आलं," चिटणीस म्हणाला. "पुन्हा."

त्याने पुन्हा वाचले. चिटणिसाने तिसऱ्यांदा वाचायला लावले. तेव्हा युल्का दारात आली, खोकत म्हणाली, "मला ऐकू आलंय साहेब. पुरे करा," आणि आत भांडी बांधायला गेली.

ती दोघे गावाबाहेर एका गोठ्यात राहायला गेली. ईस्टरआधीच युल्का वारली. मला तोसाच्या गळ्यात घातले, तेव्हा त्याने नको म्हटले नाही.

निवडणुकीनंतर अडीच वर्षांनी महायुद्ध आमच्या गावात शिरले. परके सैनिक आले, चिटणीस मात्र तोच राहिला. एके दिवशी त्याने कागद दिला, सर्व पुरुषांनी शाळेत यावे, फक्त नावे नोंदवायची आहेत. तोसाच्या हातातली टिपरी माझ्यावर कशीतरीच पडत होती. गोठ्यासमोर गाव्रा बाहेर आला. इतक्या दिवसांत तो तोसाशी एक शब्द बोलला नव्हता.

"खरं का रे, तोसा?" त्याने विचारले. "फक्त नावं?"

तोसाने कागदावरून नजर उचलली नाही.

"तसंच लिहिलंय," तो म्हणाला.

गाव्राने टोपी घातली आणि शाळेकडे चालू लागला. त्या दिवशी शाळेत गेलेल्यांपैकी एकही परतला नाही.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. पण मी वाजलो म्हणून लगेच उठू नका. आधी वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघा.