सिग्नेच्या भिंतीतलं विष

स्वीडनमधली जानेवारीतली दुपार, तीनलाच काळोख पडला होता. सिग्नेच्या स्वयंपाकघरात गाव दाटीवाटीनं उभं होतं. संगणकाच्या पडद्यांनी बायका आजारी पडतात, अशा बातम्या स्टॉकहोमच्या पेपरांत येत होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

किरणांवर उपाय म्हणून जाळ्या विकणाऱ्या तोर्वाल्डनं मेणबत्ती फुंकली. ट्यूबलाइटची सुटी नळी लोकरी हातमोज्यानं आदरानं पुसली. वायर नाही, बटण नाही आणि नळी हातात लुकलुकली!

"पाहिलंत? तारांतलं विष! हेच सिग्नेमावशीचं डोकं पोखरतंय!"

मग त्यानं टेबलावर तांब्याची जाळी पसरून नळी नुसतीच वर धरली. अंधार.

"प्यायली जाळीनं सगळी किरणं!"

टाळ्या पडल्या. जाळीची तहान दांडगी. दर महिन्याला नवी लागायची.

सिग्नेची डोकेदुखी खरी होती, नवरा गेल्यापासूनची. तोर्वाल्डच्या सांगण्यावरून तिनं ऑक्टोबरातच घरातले सगळे फ्यूज काढले, टेलिफोन उपटला आणि लेकीला पत्र धाडलं: फोन करू नकोस, त्रास होतो. तेव्हापासून लेकीच्या फोनचे रविवार मुके झाले होते. कपात चमचा वाजला तरी तिला सोबत वाटे.

कोपऱ्यातून दवाखान्यातली नर्स ब्रित्ता म्हणाली, "मावशी, फ्यूज कुठायत?"

सिग्नेनं एप्रनच्या खिशातून मूठभर फ्यूज काढले.

"म्हणजे तारांत वीजच नाही. मग विष आलं कुठून?"

"मुरलेलं असतं ते," तोर्वाल्ड म्हणाला.

"मुरायला ते काय हेरिंग माशाचं लोणचं आहे?"

लोक हसले. ब्रित्तानं हातमोजा घेऊन नळी खसाखसा घासली. नळी लुकलुकली.

"स्वेटर काढताना चटचट होते ना, तीच ही वीज. जाळी टाकल्यावर यानं नळी घासलीच नाही!"

तोर्वाल्ड नळी काखेत मारून सटकला. बाकीचेही खाली मान घालून पांगले.

"किरणांनी अपाय होतो का, ते तपासायलाच हवं," ब्रित्ता म्हणाली. "पण आधी मोजायचं, मग मानायचं. फ्यूज काढून डोकं दुखायचं थांबलं का?"

"नाही. आणि तारांत वीज नसतानाही नळी पेटते, हे मला नाताळातच उमगलं होतं गं. पण दर गुरुवारी तो कॉफीला यायचा. दुसरं कोण येतं?"

ब्रित्तानं टेलिफोन उचलून टेबलावर ठेवला.

सिग्नेनं तो भिंतीत जोडला. रविवार नव्हता, तरी नंबर फिरवला.

"आई? अगं, तुला त्रास होईल ना?"

"नाही होत," सिग्ने म्हणाली. "बोल तू."