दर्शनाआधीचा टीव्ही

"फाल्गुनीबेन, तुमच्या डिझाइनला पाय फुटलेत की काय?" रसिकभाई शेठनी चहा ओतता ओतता विचारलं. हसत विचारलं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. सुरतेच्या साडीबाजारात मालकाचं डिझाइन परस्पर विकणारीला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. आणि हा माणूस मला चोर म्हणत होता, तेही बिस्किट पुढं करून.

झालं असं होतं, की मी काढलेली नवी बॉर्डर आमची साडी छापून येण्याआधीच शेजारच्या व्रजलालच्या दुकानात टांगलेली दिसली. मग पुढचीही. डिझाइन काढणारी मी एकटी, मग नाव कुणाचं येणार?

"सरळ बोला ना शेठ, मीच विकली म्हणून."

"मी कुठं काय म्हणालो, बेन?" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवला.

माझा संशय त्यांच्यावरच होता. जेवून परत आले की कॉम्प्युटरवरचं सगळं जागचं हललेलं असायचं. रंगांची पट्टी भलतीकडं, डिझाइन कोपऱ्यात आकसलेलं. मी नसताना कोणीतरी नाक खुपसत होतं. कॅमेऱ्यात तर म्हणे दुपारी नुसती रिकामी खुर्ची दिसते. कॅमेराही शेठचाच, काय सांगावं.

दिवाळीचं डिझाइन तयार होत आलं, तेव्हा शेठ म्हणाले, "हे बाहेर गेलं तर तुम्ही दुसरीकडं बघा. आणि का काढलं असं बाजारात कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

 त्या दुपारी मी थेपले तसेच डब्यात ठेवले आणि रोजच्या आधीच परत आले.

शेठच्या गादीवर व्रजलाल चहा पीत बसला होता; शेजारी म्हणून तो रोज दर्शनाला यायचा. ही शेठची हवेलीतल्या, म्हणजे कृष्णमंदिरातल्या, ठाकोरजींचं दर्शन टीव्हीवर बघायची वेळ. रोज गादीसमोरचा मोठा टीव्ही चालू करायचा, मग मोरीवर जाऊन हातपाय धुवायचे, चूळ भरायची आणि मगच दर्शनाचं चॅनेल लावायचं. उष्ट्या हातानं ठाकोरजींचं बटण दाबायचं नाही, हा त्यांचा नेम.

पण तोच टीव्ही माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला. गिऱ्हाइकांना डिझाइन मोठं दिसावं म्हणून शेठनीच ती सोय करून घेतली होती. टीव्ही लागला की माझ्या पडद्यावरचं सगळं आपोआप तिकडं जायचं, बंद केला की परत यायचं, तेही जागा बदलून. दुपारी मी नसताना काय होत असेल, हे मला कधी सुचलंच नाही.

मोरीवर पाण्याचा आवाज येत होता. टीव्हीवर माझी दिवाळीची बॉर्डर, मोराच्या पिसापिसासकट. व्रजलालच्या एका हातात कप, दुसऱ्यात उभा धरलेला मोबाइल.

"फोटो नीट आला का, व्रजलालभाई?"

"मी तर दर्शनाची वाट बघतोय, बेन," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात घालायला लागला.

शेठ हात पुसत दारात उभे होते. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, मग त्याच्या खिशाकडं. "व्रजलाल, मोबाइल काढ," ते म्हणाले. समोर उभे राहून त्यांनी फोटो पुसायला लावले. तो गेला तेव्हा त्याचा चहा अर्धा राहिला होता.

त्या दिवशी दर्शन लागलं नाही. शेठ हळूच म्हणाले, "बेन, ती वायर तेवढी काढून टाका."

"तुम्हीच काढा. मी हात लावला तर उद्या तेही माझ्यावर यायचं."

शेठ गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. वायर हातात घेऊन उठले, तरी मी खुर्चीवर बसले नाही.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"बाजारात कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही म्हणाला होतात ना? आता कोणी विचारायची वाट बघू नका, आपणहून जाऊन सांगा."

शेठनी वायर गादीवर ठेवली आणि चपला शोधायला लागले.