बाबांचे उपास

ऋचाच्या बाबांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला हा माणूस चतुर्थीलाही कांदाभजी मागायचा. आणि आता आठवडाभर रोज कसला ना कसला उपास! कॅन्सरसारख्या आजारपणात माणूस देवाकडे वळतो, म्हणून ऋचाला उलट बरंच वाटलं होतं.

आज मात्र डॉक्टर सरोजिनी दोघांना बाबांचा स्कॅन दाखवत होत्या आणि मांडीवरच्या तान्ह्या सोनूला थोपटताना ऋचाचा हात थांबला होता.

"फुप्फुसातली गाठ निम्मी झालीय. यकृतातली वाढलीय."

"एकाच औषधाने?" ऋचाने विचारलं. "आमच्या शेजारचे नागोराव तर याच औषधाने ठणठणीत झाले."

"हे औषध गाठीला मारत नाही. आपल्या बचावाच्या पेशींना लागलेला ब्रेक काढतं. नागोरावांच्या गाठीत त्या पेशी शिरलेल्या असणार, काकांच्या फुप्फुसातही. यकृतातल्या गाठीत बहुधा शिरल्याच नाहीत. गाडीच नाही तिथे ब्रेक काढून काय होणार?"

"एकाच घरात राहून एकमेकींशी संबंध नाही," बाबा म्हणाले. "अस्सल सदाशिव पेठी गाठी दिसतात."

डॉक्टर हसल्या. "आजचा डोस देऊ. जुलाब, पोटात दुखणं, काही?"

"छे."

फार पटकन म्हणाले. ऋचाने पाहिलं, पट्टा आवळून पँटला चुण्या पडल्या होत्या. परवा जिन्यात नागोराव त्यांना सांगत होते, "डॉक्टरले काही सांगू नका, काका. जुलाब म्हटलं का औषधच बंद करते." तेव्हा ती हसून पुढे गेली होती. पहाटे सोनूला पाजताना सारखी वाजणारी बाथरूमची कडीही तिने ऐकली होती.

सांगितलं तर औषध थांबणार. निम्मी झालेली गाठ पुन्हा वाढली तर? तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"ऋचे," बाबा हळूच म्हणाले. त्यांना कळलं होतं.

"डॉक्टर, बाबांचे उपास खोटे आहेत. त्यांना जुलाब होताहेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रक्त पडतंय, काका?"

बाबा भिंतीकडे बघत राहिले. "कालपासून."

"ब्रेक काढलेल्या पेशी आतड्यावर उलटल्यात. आजच अ‍ॅडमिट व्हा. डोस बंद. अजून एक घेतला असता तर जिवावर बेतलं असतं."

"फितूर," बाबा ऋचाला म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले, आणि आवाजातला तिरकसपणा कुठल्या कुठे गेला. "पुन्हा सुरू होईल ना हो?"

"आत्ता नाही सांगता येणार."

व्हीलचेअर आली. ऋचाने सोनूला खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हाताने बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.